महादेवीची साक्ष

जुन्या चर्चमध्ये नव्याने येणाऱ्या बायकांना महादेवी गर्विष्ठ वाटते. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसते, गाणी ओठातल्या ओठात म्हणते, आणि उपासना संपली की चपला पायात सरकवून चालू लागते. बायकांच्या सभेत कुणी म्हटलं, ‘महादेवीताई, आज तुम्ही साक्ष द्या,’ म्हणजे देवानं तुमच्या आयुष्यात काय केलं ते चारचौघींत उभं राहून सांगा, तर ती मान हलवते आणि उठून चहाचे कप विसळायला जाते. नव्या बायका नाकं मुरडतात. ज्यांना माहीत आहे त्या गप्प बसतात. याच बाईच्या साक्षीनं एके काळी मंगळवार पेठेतला एक हॉल दर रविवारी दणाणत होता, हे त्या कशाला सांगत बसतील?

महादेवी मूळची लिंगायत. गडमुडशिंगीच्या घरात ती धाकटी सून म्हणून आली. नवरा मृत्युंजय, थोरला दीर भरमाप्पा, त्याची बायको मल्लव्वा, म्हातारी सासू, आणि मल्लव्वाची लहानगी पोर सौंदर्या, एवढी माणसं. दोन्ही जावांचं पहिल्यापासून कधी पटलं नाही. मल्लव्वा तोंडाची फटकळ. पहाटे उठल्यापासून घरात तिचाच आवाज. ‘धाकटे, भांड्याला राख लावतीस का नुसती दाखवतीस?’ हे तिचं रोजचं. महादेवीही काही कमी नव्हती. ती उलट बोलायची नाही, पण भांडं असं आपटायची की शेजारच्या घरात कळायचं. महादेवीला मूलबाळ झालं नाही. सौंदर्या मात्र तिच्याच कडेवर वाढली, आणि मल्लव्वानं एवढ्या एका बाबतीत कधी काही म्हटलं नाही.

ब्याण्णव साली मृत्युंजय काविळीनं गेला. पुढच्या वर्षी महादेवीच्या पोटात असं दुखायला लागलं की तिला कोल्हापुरात दवाखान्यात ठेवावं लागलं. तीन आठवडे ती तिथं होती. पहिला आठवडाभर मल्लव्वा रोज केएमटीच्या बसनं भाकरी घेऊन यायची. भाकरी ठेवायची, दोन शब्द टाकून बोलायची आणि जायची. महादेवीच्या साक्षीत ही भाकरी कधीच आली नाही.

त्या वॉर्डात बाळाबाई नावाची नर्स होती. तीन पिढ्यांची ख्रिस्ती, उंच, कोरड्या बोलण्याची. ड्यूटी संपली की ती प्रत्येक खाटेपाशी क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. ‘काय पुटपुटता वो?’ महादेवीनं एकदा विचारलं. ‘तुझं नाव घेतलं,’ बाळाबाई म्हणाली, ‘देवापुढं.’ नवरा गेल्यापासून आपलं नाव कुणी शिव्या घालायला सोडून घेतलंय, हे महादेवीला नवीन होतं. ती रडली. बरी झाल्यावर बाळाबाईच्या मागं लागून ती जुन्या चर्चला गेली. पण तिथले पाद्री म्हणाले, सहा महिने शिकवण घ्या, मग बाप्तिस्म्याचं बघू. सहा महिने थांबेल ती महादेवी कसली? मंगळवार पेठेत टायरच्या दुकानावरच्या माडीवर पास्टर आकाराम यांची मंडळी भरायची. पास्टर आधी टेम्पो चालवायचे, आवाज पहाडी, ढोलक जोरात. त्यांनी आठवड्यात बाप्तिस्मा दिला.

त्र्याण्णवचा डिसेंबर होता. पंचगंगेच्या गार पाण्यात बुडी मारून, दिवसभराच्या उपासानं, ओल्या केसांनी ती मुडशिंगीला परतली, आणि गळ्यातलं लिंग काढून तिनं भिंतीतल्या देवळीत ठेवलं. ज्या घरात माणूस जन्मल्यापासून मातीत जाईपर्यंत लिंग अंगावरून उतरत नाही, त्या घरात हे काय झालं ते त्या घरातल्यांनाच कळावं. महादेवीला कळत होतं. पण नव्या उत्साहात तिला दुसऱ्याच्या काळजाकडं बघायला वेळ नव्हता. मल्लव्वानं आधी देवळी पाहिली, मग महादेवीचा मोकळा गळा पाहिला. एरवी सदा बोलणारी ती बाई त्या संध्याकाळी एकच शब्द बोलली. महादेवीला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा तिनं परड्यातला गुळवेल तोडून काढा केला, पेला पुढं केला आणि म्हणाली, ‘पी.’ उपाशी पोटी तो कडू काढा महादेवीनं प्यायला आणि घटकाभरानं सगळा ओकून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमाप्पानं देवळी पाहिली. त्यानं महादेवीची ट्रंक उचलून गल्लीत फेकली. ‘ज्या देवासाठी हे काढलंस, त्याच्याच दारात जा. या दारात परत याचं न्हाय,’ म्हणाला. महादेवी ट्रंक घेऊन पास्टरांच्या दारात गेली.

त्या रविवारी तिनं पहिली साक्ष दिली. त्यात खोटं काही नव्हतं. पंचगंगा सांगितली, ताप सांगितला, ओकली ते सांगितलं, ट्रंक सांगितली. माणसं हळहळली. ती खाली बसणार तोच पास्टर पुढं झाले.

‘बहिणी, उपास होता म्हणतेस. मग ओकलीस कशानं?’

‘जावंनं काढा दिलता पास्टर. तेवढाच पोटात हुता.’

‘कसा लागला?’

‘कडू.’

‘गळ्यात लिंग नाही, हे तिनं बघितलं होतं?’

‘व्हय.’

पास्टर नुसते मंडळीकडं वळले आणि हात पसरले. प्रभूच्या माणसाला विषसुद्धा बाधत नाही, हे ते नेहमी शिकवायचे, त्यामुळं पुढचं सांगायची गरज नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केले, कुणीतरी हुंदका दिला, ढोलक सुरू झालं. महादेवी मध्ये उभी होती. तो काढा गुळवेलाचा होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या वेलाची साल तिनं स्वतः कितीदा सोलली होती. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण चाळीस माणसं तिच्याकडं इतक्या मायेनं बघत होती की तिची जीभ हलली नाही. मायेची ती भुकेली होती. म्हणून ती गप्प राहिली, आणि खोट्याची सुरुवात तिथंच झाली.

पुढं विष दर वर्षी जहाल होत गेलं. पहिल्या वर्षी ‘त्यात काय हुतं देव जाणं’ असं ती म्हणायची. तिसऱ्या वर्षी उसाच्या फवारणीचं औषध झालं. मग चुलीमागं लपवलेला डबा दिसला. मग मल्लव्वा दाराआड उभी राहून हसली. सांगून सांगून महादेवीला तो डबा खरोखर दिसायला लागला, झाकणावरच्या गंजासकट. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळी सभेत मांडवात दीड-दोन हजार माणसं होती. तिथं तिनं साक्ष दिली आणि माणसं रडत पुढं आली. पास्टरांनी तिच्या फोटोसह पत्रकं छापली. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणी येऊ लागली. ज्या बाईला घरात भांड्याच्या राखेवरून बोलणी बसायची, तिला लोक खुर्ची पुसून बसायला देऊ लागले.

पोटासाठी ती मंगळवार पेठेतच केरबाच्या डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीवर, कामाला होती. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला बायका डंकावर गर्दी करतात. भाजलेली मिरची, खोबरं, लसूण घेऊन येतात आणि कांडून होईपर्यंत नाकाला पदर लावून बसून राहतात. तासभर एका जागी अडकलेलं माणूस म्हणजे महादेवीला पर्वणी. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ती साक्ष द्यायची. ऐकून कुणी तोंड वाकडं केलं तर तिला फैलावर घ्यायची. ‘चटणी दे गं गिऱ्हाइकाला, नरक कशाला दाखवतीस?’ केरबा कावून म्हणायचा. ती केरबालाही सोडायची नाही. आपला विश्वास वाढतोय असं तिला वाटायचं. वाढत होता तो तोरा.

बाळाबाई आता निवृत्त झाली होती, पण चटणीला दर वर्षी याच डंकावर यायची. तिनं एकदा सगळी साक्ष शेवटपर्यंत ऐकली.

‘त्या जावंसाठी प्रार्थना करतीस का कधी?’ तिनं विचारलं.

‘करते की. देवानं तिचा न्याय करावा म्हणून.’

‘ती प्रार्थना न्हवं, फिर्याद झाली,’ बाळाबाई म्हणाली आणि डबा उचलून गेली. म्हातारीला आपलं बघवत नाही, असं महादेवीनं ठरवून टाकलं. सासू वारल्याचा निरोप आला तेव्हाही ती मुडशिंगीला गेली नाही. विष देणाऱ्यांच्या घरी कशाला जायचं, असं पास्टर म्हणाले, आणि तिलाही ते पटलं.

दोन हजार तीनचा एप्रिल उजाडला. शिवाजी पेठेतली एक ठेंगणी बाई आठ किलो मिरची घेऊन आली. बोलकी होती. तिनं विचारलं, तसं महादेवीनं सगळं सांगितलं, त्या दिवशी जरा जास्तच रंगवून. ‘कुठली वो ही जाऊ?’ बाईनं विचारलं. ‘गडमुडशिंगीची. भरमाप्पाची बायको मल्लव्वा,’ महादेवी म्हणाली.  चटणी निवायचीही वाट न बघता बाईनं डबे भरले आणि गेली. त्या बाईच्या भाच्याशी सौंदर्याचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती, हे महादेवीला कुठून माहीत असणार?

आठ दिवसांनी भर दुपारी मल्लव्वा डंकाच्या दारात उभी राहिली. दहा वर्षांत दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. मल्लव्वाचे केस पार पांढरे झाले होते. डंकावर सात-आठ बायका होत्या.

‘मशीन बंद कर,’ ती केरबाला म्हणाली. केरबानं बंद केलं.

‘सोयरीक मोडली माझ्या पोरीची,’ ती महादेवीकडं वळली. ‘इख घालणाऱ्या घरातली पोरगी नको म्हणाले. आता सगळ्यांम्होरं सांग, त्या दिवशी काय घातलं हुतं म्या तुझ्या पेल्यात?’

 सौंदर्याची सोयरीक, हे महादेवीला त्याच क्षणी कळत होतं. पण बायका बघत होत्या. यातल्या निम्म्यांना तिनंच साक्ष सांगितली होती.

‘तुझं तुला ठावं,’ ती म्हणाली.

‘मी तुला इचारतीया.’

‘देवानं बघितलंय,’ महादेवी ओरडली. ‘वाचवलं त्यानं मला. तुझ्या हातनं वाचवलं. जा हितनं.’

मल्लव्वानं समोरच्या पाटीतली मूठभर चटणी उचलली. आता ही तोंडावर फेकणार असं सगळ्यांना वाटलं. तिनं ती मुठीत आवळली, मग पुन्हा पाटीत टाकली आणि हात तसाच घेऊन उन्हात चालू लागली. ‘बाईच्या डोळ्यात पाणी नव्हतं,’ केरबा नंतर म्हणाला, ‘मला तेचंच भ्याव वाटलं.’

रविवारी महादेवीनं त्याचीही साक्ष केली. शत्रू कामाच्या जागेवर चालून आला आणि प्रभूनं त्याला परत पाठवलं, म्हणाली. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजत असताना तिला स्वतःची किळस आली, इतकी की तिनं खाली बसायच्या आधी खांबाला हात लावला.

बुधवारी सौंदर्या आली. वीस वर्षांची झाली होती. महादेवीनं तिला ओळखलं ते कपाळावरच्या जुन्या खोकेच्या वणावरून. पोर अंगणात पडली तेव्हा महादेवीच पदर दाबून बसली होती. सौंदर्या भांडायला आली नव्हती. डंक बंद व्हायची वाट बघत ती पायरीवर बसून राहिली, आणि केरबा कुलूप आणायला गेला तेव्हा हळूच म्हणाली, ‘काकी, आईनं खरंच घातलं हुतं का? तू सांगशील ते मी खरं धरीन.’

आता तरी बोल, असं महादेवीचं मन तिला म्हणत होतं. पण दहा वर्षं, ती पत्रकं, ती खुर्ची, पास्टर, दीड हजार माणसांचा मांडव, सगळं आडवं आलं. तिनं मान खाली घातली. माडीवरच्या मंडळीनं जसा तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला होता, तसाच या पोरीनंही लावला. ‘बरं,’ म्हणाली, आणि उठून गेली.

पंधरा दिवसांनी मुडशिंगीची एक बाई चटणीला आली. महादेवी कोण हे तिला ठाऊक होतं, आणि ती मुद्दामच बोलत होती. ‘भरमाप्पाची पोरगी आईच्या हातचं खाईना झालीया,’ म्हणाली. ‘शेजारणीकडनं भाकरी मागून आणती. नळाचं पाणी सोता भरून पिती. मल्लव्वा ताट वाढून म्होरं ठेवती, ते तसंच ऱ्हातंय. रोज वाढती आन् रोज म्हशीला घालती.’

महादेवीनं मशीन बंद केलं आणि मागच्या खोलीत मिरचीच्या पोत्यांवर जाऊन बसली. तिला प्रार्थना भरभरून यायची, तासभर थांबायची नाही. त्या दिवशी एकच वाक्य आलं: प्रभू, मी खोटं बोलले. ते म्हटल्यावर पुढं काहीच येईना. दहा वर्षांत आपण देवाशी बोललेलं हे पहिलंच खरं वाक्य, हे तिच्या लक्षात आलं आणि ती घाबरली. आजवर तिनं देवाला आपल्या बाजूचा पंच म्हणून उभं केलं होतं. तो दुसऱ्या बाजूलाही बघत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती बाळाबाईकडं गेली आणि उंबऱ्यातच सगळं सांगून मोकळी झाली. बाळाबाईनं तिला बस म्हटलं नाही.

‘मला वाटलंच हुतं,’ एवढंच म्हणाली.

‘आता काय करू?’

‘सांगितलंस कुठं कुठं?’

‘सगळीकडं.’

‘मग सगळीकडं जाऊन परत घे. माझ्याकडं रडून काय उपयोग? मी काय तुझ्या पेल्यात काढा घातला न्हवता.’

पास्टर आकाराम यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दार लोटून घेतलं.

‘गुळवेलच होता, हे तुला काय माहीत?’ ते म्हणाले. ‘विष असेल आणि देवानं त्याचा गुळवेल केला असेल.’

महादेवी त्यांच्याकडं बघत राहिली. क्षणभर तिला हे हवंहवंसं वाटलं. यावर आयुष्य काढता आलं असतं.

‘पास्टर, साल मीच सोलायची वो त्या वेलाची.’

‘तुझ्या साक्षीनं शंभर माणसं विश्वासात आली. त्यांना काय सांगू? तुला जावेची माफी मागायची तर एकटी जाऊन माग. मंडळीत हा विषय नको.’ त्यांचा आवाज चढला. ‘आणि उभी राहिलीस, तर या दारात परत यायचं नाही.’

दहा वर्षांपूर्वी भरमाप्पा हेच बोलला होता. तेव्हा तिला छळ झाल्याचा अभिमान वाटला होता. आता नुसती भीती वाटली. या माडीशिवाय तिला जगात दुसरी जागा नव्हती.

रविवारी साक्षीच्या वेळी ती उभी राहिली. पास्टरांनी तिच्याकडं बघितलंच नाही, दुसऱ्याचं नाव पुकारलं. ती तरीही बोलायला लागली.

‘मला जावंनं इख दिलं न्हवतं. गुळवेलाचा काढा हुता. तापासाठी दिलता.’

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. पास्टरांनी खूण केली, ढोलक सुरू झालं, मंडळी गाऊ लागली. डंकाच्या मशीनवर आवाज चढवायची तिला सवय होती. ती गाण्यावरून ओरडली, ‘मी खोटं बोलले. दहा वर्सं खोटं बोलले. त्या बाईनं मला दवाखान्यात आठ दिस भाकरी आणून दिलती, तेबी मी कधी सांगितलं न्हाय.’ पुढच्या रांगेतला तो म्हातारा, ज्यानं पहिल्या दिवशी हात वर केले होते, तिच्याजवळ आला आणि म्हणाला, ‘तुझी साक्ष ऐकून, तोही विष घालील म्हणून, मी माझ्या सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. तो मेला.’ एका बाईनं तिचा दंड धरला आणि तिला जिन्यापर्यंत नेलं. मागून चपला आल्या. एक तिच्या पाठीला लागली, ती तिचीच होती.

सोयरीक कुणाकडून मोडली ते तिनं तोवर काढलं होतं. तिथून ती शिवाजी पेठेत गेली. त्या ठेंगण्या बाईच्या घरी, तिच्या भाच्याच्या आईबापांसकट, सगळे जेवायला बसले होते. तिनं दारातूनच सांगितलं. मुलाचं दुसरीकडं जमलंय, असं उत्तर आलं. ‘आणि तुम्ही तेव्हा खरं बोलला का आता, हे आम्ही कसं ओळखायचं?’ असंही मुलाचा बाप म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुडशिंगीच्या गल्लीत पोचली. भरमाप्पा कट्ट्यावर बसला होता. तिला बघून उठला.

‘या दारात याचं न्हाय म्हणून सांगितलं हुतं तुला.’

‘आत येत न्हाय, भावजी. हितनंच बोलते. आक्काला बोलवा.’

मल्लव्वा बाहेर आली. हाताला पीठ होतं. मागं दाराच्या चौकटीला धरून सौंदर्या उभी राहिली. समोरच्या आणि शेजारच्या बायका आपापल्या दारात आल्या. त्या याव्यात म्हणूनच महादेवी मोठ्यानं बोलली.

‘आक्का, तू मला गुळवेलाचा काढा दिलतास. त्यात दुसरं कायबी न्हवतं. मला तवाबी ठावं हुतं. मला लोकांनी मोठी म्हणावं म्हणून मी तुझं नाव घातलं. सौंदर्या, त्या दिवशी मी मान खाली घातली ती शरमंनं. तुझ्या आईनं कायबी केलेलं न्हाय.’

 मल्लव्वा तिच्याकडं टक लावून बघत होती.

‘तुला ठावं हुतं?’ तिनं विचारलं.

‘व्हय.’

‘पहिल्यापासनं?’

‘व्हय, आक्का.’

‘मला न्हवतं ठावं,’ मल्लव्वा म्हणाली.

तिचं बोलणं कुणाला समजेना. मल्लव्वाचा तो नेहमीचा चढा आवाज कुठं गेला होता कोण जाणे, ती पुटपुटल्यासारखी बोलत होती.

‘पयल्यांदा कानावर आलं तवा मी हासले. मग गावात चौघी बोलाय लागल्या. तू ओकलीस ते म्या डोळ्यानं बघितलं हुतं. संध्याकाळ झालती, परड्यात अंधार पडलेला. मला वाटाय लागलं, दुसरंच कायतरी तोडलं का काय म्या. रागबी हुताच की तुझा, लिंग उतरून ठेवलंस म्हणून. रागात हातानं काय केलं आन् मनाला कळलंच न्हाय, असं झालं आसंल का? रोज इचार करायची. शेवटाला वेल मुळासकट उपटला. सासूबाई तापल्या तवा सगळी म्हणाली, तुझ्या हातचा काढा दे. माझा हात उचलंना. तिसऱ्या दिवशी गेल्या त्या.’

भरमाप्पानं बायकोकडं बघितलं. त्यानंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

‘आन् तुला ठावं हुतं,’ मल्लव्वा म्हणाली.

महादेवीनं बसमध्ये येताना क्षमेचे शब्द जुळवून आणले होते. पाया पडायचं, पदर पसरायचा, हेही ठरवलं होतं. आता ते तिच्यानं होईना. या बाईचं नाव तिनं नेलं, पोरीची सोयरीक नेली, स्वतःच्या हातांवरचा भरवसाही नेला. आता वर क्षमाही मागायची, म्हणजे आणखी काहीतरी घेऊन जायचं, आणि ते मिळालं की आपण हलकं होऊन बसमध्ये बसायचं. महादेवीला ते नको झालं. जड आहे ते जडच राहू दे, असं तिनं मनाशी म्हटलं. देवाशी म्हटलं की स्वतःशी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती नुसती उभी राहिली. मल्लव्वाला काय म्हणायचं ते म्हणू दे, मारायचं तर मारू दे, म्हणून जागची हलली नाही.

 सौंदर्या चौकट सोडून पुढं आली. आईच्या पिठाच्या हाताला तिनं हात लावला.

‘आई, भूक लागलीया. वाढ की,’ ती म्हणाली.

मल्लव्वानं तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडाचं काय झालं ते महादेवीला बघवलं नाही. मायलेकी आत गेल्या. भरमाप्पानं महादेवीच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. शेजारणींनीही आपापली दारं लोटली. महादेवी उन्हात तशीच उभी होती. आतून पाट सरकल्याचा आणि ताट मांडल्याचा आवाज आला, तेव्हा ती वळली आणि थांब्याकडं चालू लागली.